भाचीने विचारलं, बॅटमॅन एवढा श्रीमंत आहे तर ह्यालाच का मारतोय?

निशाचर_७

मंडळी, एक प्रश्न गेले चार दिवस डोक्यातनं जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. भाची राहायला आलीये, बारा वर्षांची आहे, वाचायची आवड आहे म्हणून माझ्या जुन्या बॅटमॅन कॉमिक्सचा गठ्ठा तिला काढून दिला. दोन दिवस कोपऱ्यात बसून गुपचूप वाचत होती. तिसऱ्या दिवशी एक पान उघडं धरून माझ्याकडे आली. त्या पानावर बॅटमॅनने एका माणसाला कॉलरला धरून गच्चीच्या कडेवरनं खाली लोंबकळत ठेवलंय, तो माणूस रडतोय आणि त्याच्या पायातला एक बूट निसटून खाली चाललाय. मी हे पान किमान पन्नास वेळा बघितलं असेल. तिने बोट त्या बुटावर ठेवलं आणि म्हणाली, "मामा, ह्याच्या बुटाला भोक आहे बघ. बॅटमॅन एवढा श्रीमंत आहे ना, मग तो ह्यालाच का मारतोय?"

मी म्हटलं अगं तो चोर आहे, दुकान फोडलंय त्याने. तर म्हणे, "हो, पण त्याला कोणी नोकरी दिली होती का आधी?" आणि परत जाऊन वाचायला लागली. तिला उत्तराची एवढी घाई नव्हती, मला मात्र झोप लागेना.

म्हणजे बघा, मी इतकी वर्षं हा माणूस हिरो आहे असं धरूनच चाललोय. सुपरमॅन परग्रहावरनं आला, स्पायडरमॅनला कोळी चावला, ह्याच्याकडे मात्र काहीच नाही, नुसती जिद्द आणि मेहनत, म्हणून तो मला आपला वाटायचा. आता वाटतं काहीच नाही कसं, पैसा आहे की! फोर्ब्सने २०१३ साली काल्पनिक श्रीमंतांची यादी काढली होती त्यात ब्रूस वेनच्या, म्हणजे मुखवट्यामागच्या खऱ्या बॅटमॅनच्या, नावावर ९.२ अब्ज डॉलर धरले होते. एवढा पैसा असलेला माणूस रात्री मुखवटा घालून गल्लीबोळातल्या भुरट्यांची हाडं मोडतो आणि सकाळी उठून त्याच शहरातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा मालक असतो. आईबाप डोळ्यासमोर मेले, ते दुःख खरं आहे, त्यावर माझा वादच नाही. पण दुःख खरं असलं म्हणून त्यातनं माणूस जे काही करेल ते बरोबरच असतं का?

फॅन म्हणून उत्तर देऊ नका, मी पण फॅनच आहे. खरंच हा नीतीने वागणारा माणूस आहे का, की आपण त्याच्या दुःखाला आणि त्या केपला भुललोय? तिला मी काय सांगू?


कॉमिक्सखोर

अरे, भाचीचं कौतुक आधी. आता मुद्द्यावर येतो. "बॅटमॅनने मारामारी करण्यापेक्षा पैसे वाटावेत" हे जे सगळीकडे फिरतंय ना, ते बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी कॉमिक्स उघडलेलीच नसतात, त्यामुळे मला त्याचा राग येतो. तो पैसे देतो. फार आधीपासून देतो. १९६९ च्या एका अंकात त्याचा पोरगेला जोडीदार रॉबिन, म्हणजे डिक ग्रेसन, कॉलेजला निघून जातो, ब्रूस तो मोठा वाडा बंद करून शहराच्या मध्यभागी राहायला येतो आणि तिथे गुन्ह्यांत ज्यांचं नुकसान झालंय अशा लोकांना मदत करण्यासाठी वेगळी योजनाच सुरू करतो. गुन्हेगाराच्या मागे धावतो तसा ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्या घरी पण जातो. १९७६ मध्ये लेस्ली थॉम्पकिन्स आली, आईबाप मेले त्या रात्री त्या पोराला जवळ घेणारी बाई, पुढे तिलाच डॉक्टर दाखवलं आणि आईबाप मेले त्याच बदनाम गल्लीत तिचा दवाखाना चालतो तो ब्रूसच्या पैशावर. २०१२ च्या सिनेमाच्या शेवटी तर तो राहता वाडाच अनाथ मुलांसाठी देऊन टाकतो.

दुसरी गोष्ट, पैसा ओतला की शहर सुधारतं हे तुला कोणी सांगितलं? २०२२ च्या सिनेमात नेमकं हेच दाखवलंय. त्याच्या बापाने, थॉमस वेनने, शहरासाठी एक अब्ज डॉलरचा निधी काढला. बाप मेल्यावर त्यावर लक्ष ठेवणारं कोणी उरलं नाही आणि माफिया, मोठमोठे अधिकारी, सगळ्यांनी मिळून तो वीस वर्षं खाल्ला. कुंपणानेच शेत खाल्लं तर तू अजून किती पाणी घालणार? गॉथममध्ये, म्हणजे बॅटमॅनच्या शहरात, पोलीस विकलेले, जज विकलेले, महापौर विकलेला. अशा ठिकाणी चेक लिहून दिला की तो चोरांच्याच खिशात जातो. कोणीतरी आधी त्या चोरांना हात घालायला पाहिजे ना, आणि तो हात विकत घेता न येणारा पाहिजे. ब्रूस श्रीमंत आहे म्हणूनच त्याला कोणी विकत घेऊ शकत नाही, ह्या बाजूने कोणी बघतच नाही.

आणि एक साधी गोष्ट विसरू नका, ही १९३९ पासून दर महिन्याला चालू असलेली गोष्ट आहे. गॉथम सुधारलं तर पुढचा अंक कसला काढणार? शहर सुधारत नाही ही लेखकांची गरज आहे, ब्रूसचा गुन्हा नाही.


तिसरी_घंटा

@कॉमिक्सखोर तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, गोष्ट चालू ठेवायची तर शहर बिघडलेलंच लागणार. पण मग तोच नियम दोन्हीकडे लावा ना. त्याच्या मारामारीने शहर सुधारत नाही तेव्हा तुम्ही म्हणता लेखकांची गरज, आणि दानधर्माने सुधारत नाही तेव्हा म्हणता बघा दानाचा उपयोग होत नाही. असं कसं चालेल?

शिवाय मला दानाचं एवढं कौतुक नाही वाटत. बापाची कंपनी, आजोबांची जमीन, त्यातनं थोडं काढून दवाखान्याला दिलं, हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र झालं. किती दिलं ह्यापेक्षा देऊन किती उरलं ते बघायला पाहिजे. पीटर सिंगर म्हणून तत्त्वज्ञ आहेत, त्यांनी १९७२ साली एका लेखात एक साधं उदाहरण दिलं होतं, तुम्ही उथळ तळ्याच्या कडेने चाललाय, एक मूल बुडतंय, उडी मारली तर तुमचे कपडे खराब होतील, एवढंच. कोणीही उडी मारेल. मग पुढे ते म्हणतात की मूल डोळ्यासमोर नसून लांब कुठेतरी असेल आणि कपड्यांच्या किमतीएवढ्या पैशात वाचणार असेल तर तुमचं कर्तव्य कमी होतं का? आता हे ब्रूस वेनला लावा. तो तळ्यात उडी मारतो, रोज रात्री मारतो, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ज्या तळ्याला कठडा बांधायची ऐपत त्या शहरात फक्त त्याची आहे, त्या कठड्याचं काय?

तुम्ही २०२२ च्या सिनेमाचं नाव काढलंत म्हणून सांगते, मला त्यातलं सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते रिडलरचं, म्हणजे त्यातल्या खलनायकाचं, बोलणं. तो पण अनाथ. ब्रूसचे आईबाप मेले तेव्हा अख्खं शहर त्याच्यासाठी रडलं, वर्तमानपत्रांत फोटो, आणि त्याच शहरात अनाथाश्रमात मुलांची बोटं उंदीर कुरतडायचे, थंडीने बाळं मरायची, त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही. ज्या निधीतनं त्यांचं भलं व्हायचं तो वेन घराण्याच्याच नावाचा. मी रिडलरची बाजू घेत नाहीये, तो खुनी आहे. पण दोघंही पोरकी मुलं, दोघंही रात्री मुखवटा घालून शहराला धडा शिकवायला निघालेली, आणि एकाला आपण हिरो म्हणतो. फरक कुठे आहे? मला जो फरक सापडला तो पैशात नाही सापडला.

सिनेमाच्या शेवटी रिडलरचा एक माणूस पकडला जातो, त्याला विचारतात तू कोण, तर तो स्वतःला सूडच म्हणवतो, अगदी तोच शब्द जो बॅटमॅन स्वतःसाठी वापरत आलाय. त्यावेळी बॅटमॅनचा चेहरा बघा. अर्धा चेहरा झाकलेला आहे तरी कळतं. त्यानंतर तो मारामारी सोडून पाण्यात उतरतो, हातात लाल मशाल धरून अंधारात अडकलेल्या लोकांना बाहेर काढतो. सकाळी एका जखमी बाईला स्ट्रेचरवर घालून वर उचलत असतात तर ती त्याचा हात सोडायलाच तयार नसते, धरूनच ठेवते. मला तिथे पहिल्यांदा तो हिरो वाटला. त्या वेळी तो कोणाला घाबरवत नव्हता.


ठोसा_नंबर_१

एवढं कशाला तत्त्वज्ञान? मला एकच कळत नाही, त्याचा सगळ्यात मोठा शत्रू जोकर, त्याला का मारत नाही हा माणूस? १९८८ साली जोकरने पोलीस कमिशनरच्या मुलीला, बार्बराला, गोळी घातली, ती व्हीलचेअरवर गेली. त्याच वर्षी वाचकांना फोन करून मत द्यायला सांगितलं की जेसन टॉडला, म्हणजे डिकनंतरच्या दुसऱ्या रॉबिनला, मारायचं की जगवायचं, आणि ५,३४३ विरुद्ध ५,२७१ मतांनी पोरगं मेलं, ते पण जोकरच्याच हातून. आणि तरी बॅटमॅन त्याला पकडून अर्कम नावाच्या वेड्यांच्या हॉस्पिटलात नेऊन सोडतो, तो पळतो, पुन्हा माणसं मारतो. स्वतःचे हात स्वच्छ राहावेत म्हणून दुसऱ्यांची पोरं मरू देतो. ह्याला तुम्ही नीती म्हणता? माझ्या मते हा शुद्ध स्वार्थ आहे. आणि म्हणे तो मारत नाही, सुरुवातीला मारायचा की!


काळा_कोट

@ठोसा_नंबर_१ सुरुवातीला मारायचा हे बरोबर आहे. १९३९ च्या पहिल्याच गोष्टीत एक गुन्हेगार त्याच्या ठोशाने ॲसिडच्या टाकीत पडतो आणि ह्याला त्याचं काही वाटत नाही. १९४० मध्ये विमानातनं मशिनगन पण चालवली आहे. त्यानंतर संपादकांनी नियम घातला की हा यापुढे कोणाला मारणार नाही. म्हणजे जो नियम आज आपण त्याच्या चारित्र्याचा कणा समजतो तो आधी ऑफिसातला निर्णय होता. आणि जोकर पण त्याच १९४० च्या अंकात मरणार होता, शेवटचं चित्र बदलून त्याला जिवंत ठेवलं. पण उगम कुठलाही असो, पुढच्या लेखकांनी त्या नियमातनं एक माणूस उभा केला, आणि आपण त्या माणसाबद्दल बोलतोय.

मी वकील आहे, फौजदारी बाजूचा, त्यामुळे मला ह्या सगळ्यात पैसा आणि जोकर हे दोन्ही मुद्दे जरा बाजूचेच वाटतात. जरा लांब लिहितो, समजून घ्या.

जोकरचं आधी उरकतो. जोकर जिवंत आहे ह्याला बॅटमॅन जबाबदार कसा? त्याने पकडून दिला. पुढे कोर्ट आहे, ज्युरी आहे, सरकार आहे, हॉस्पिटल आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये सांगून ठेवलंय की जो वेडा आहे, शिक्षा म्हणजे काय हेच ज्याला कळत नाही, त्याला फाशी देता येत नाही. तो कायदा पटो न पटो, तो सगळ्यांनी मिळून केलेला आहे. हॉस्पिटलची भिंत कच्ची असेल तर भिंत बांधा. पण ज्याला कोणी निवडून दिलं नाही, जो कोणाला हिशेब देत नाही, ज्याचं तोंड कोणी बघितलेलं नाही, अशा माणसाने एकट्याने ठरवावं की कोण जगणार आणि कोण मरणार, ही मागणी तुम्ही करताय. उद्या त्याची चूक झाली तर? माझ्या आयुष्यात मी शंभर टक्के खात्री असलेले लोक चुकलेले बघितलेत. त्यामुळे तो जी एक रेघ ओलांडत नाही ती मला स्वार्थ वाटत नाही. उलट त्याला स्वतःबद्दल एकदा तरी शंका आलेली आहे, एवढं त्यावरनं कळतं.

आता भाचीने दाखवलेलं पान. मला त्या पानावरच थांबायचं आहे.

१९३६ साली, म्हणजे बॅटमॅन यायच्या तीन वर्षं आधी, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात मिसिसिपी राज्यातली एक केस आली होती. तीन गरीब काळे शेतमजूर, खुनाचा आरोप. पुरावा काय, तर त्यांचे कबुलीजबाब. ते कसे मिळवले? एकाला झाडाला दोर बांधून लटकवलं, खाली घेतलं, पुन्हा लटकवलं, चाबकाने फोडलं. त्याच्या गळ्यावर दोराचे वळ तेव्हाही दिसत होते. ज्यांनी मारलं त्यांनी कोर्टात उघड सांगितलं की हो मारलं. आणि तरी खालच्या कोर्टाने फाशी सुनावली होती. सुप्रीम कोर्टाने एकमताने ती रद्द केली, मारून घेतलेला कबुलीजबाब चालणार नाही म्हणून.

आता ते गच्चीवरनं लोंबकळणारं पान परत उघडा. तेच चाललंय. फरक एवढाच की तिथे चित्रकाराने आपल्याला आधीच सांगितलंय की हा माणूस गुन्हेगार आहे. त्या १९३६ च्या लोकांना पण खात्री होतीच.

आणखी एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. अमेरिकन कायद्यात पोलिसांवर जी बंधनं आहेत, वॉरंटशिवाय घरात शिरू नका वगैरे, ती सरकारवर आहेत, खाजगी माणसावर नाहीत, १९२१ पासून तसा निकाल आहे. म्हणजे एकटा बॅटमॅन घुसून कागद पळवून आणतो ते एक वेळ कोर्टात चालेल. पण पोलीस कमिशनर गॉर्डन गच्चीवर जाऊन आभाळात दिवा लावतो आणि ह्याला बोलावतो, त्या क्षणी हा खाजगी माणूस राहतच नाही, तो पोलिसांचा हस्तक होतो. मग तेच पुरावे बाद व्हायला पाहिजेत. दोघांनाही हे माहीत असणार. आम्हाला कायद्याने जे करता येत नाही ते तू कर, आम्ही तोंड फिरवतो, असा हा व्यवहार आहे. मुखवटा त्यासाठीच लागतो. नाहीतर ज्याचं हाड मोडलं तो उद्या वेन साहेबांवर दावा लावेल ना.

तर @निशाचर_७ तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की त्याच्या श्रीमंतीचा दोष पैसे न वाटण्यात नाहीये. श्रीमंतीमुळे त्याला कोणाला विचारावंच लागत नाही, दोष तिथे आहे. २००८ च्या सिनेमात तो अख्ख्या शहराचे फोन वापरून सगळ्यांवर नजर ठेवणारं यंत्र बनवतो. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. त्याचा लूशियस फॉक्स ते बघून हादरतो आणि सांगतो की हे यंत्र इथे असेपर्यंत मी नोकरी करणार नाही. आणि मला ब्रूसचं चांगलं वाटतं ते इथेच, त्याने त्या यंत्राची किल्ली आधीच लूशियसच्या हातात दिलेली असते, काम संपल्यावर लूशियस स्वतःचं नाव टाइप करतो आणि ते सगळं नष्ट होतं. ह्यात थोडीशी का होईना लाज आहे. पण तीस दशलक्ष लोकांवर नजर ठेवायची की नाही हे दोन माणसांनी आपापसात ठरवलं, ते पण मालक आणि त्याचा नोकर, हे विसरू नका.


अर्धवट_पान

सगळ्यांनी सगळं लिहिलं पण पोरांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. डिक ग्रेसन १९४० मध्ये आला. सर्कसमधलं पोरगं, झुल्यावरनं पडून आईबाप गेले, खंडणीखोरांनी दोर कमजोर केला होता. ब्रूस त्याला घरी नेतो, ठीक आहे, फार चांगलं केलं. आणि मग मेणबत्तीसमोर हात वर करून शपथ घ्यायला लावतो आणि बंदुका घेतलेल्या माणसांसमोर रंगीत कपडे घालून उभं करतो. दुःखातल्या मुलाला काय पाहिजे असतं? झोप, शाळा, रोज तेच तेच जेवण तेच तेच माणूस, आणि कधीही रडलं तरी चालेल अशी एक जागा. मी लहानपणी वडील गेलेली मुलगी आहे म्हणून सांगतेय, त्या वयात कोणी म्हणालं असतं चल आपण सूड घेऊ, तर मी लगेच निघाले असते, आणि म्हणूनच ते मोठ्या माणसाने म्हणायचं नसतं. जेसन मेला त्यात जोकरचा हात आहेच पण त्याला त्या गच्च्यांवर कोणी नेलं? ह्या एका गोष्टीवर मी त्याला माफ करू शकत नाही, बाकी दवाखाना वाडा निधी काय असेल ते असो.


कॉमिक्सखोर

@अर्धवट_पान ह्यावर माझ्याकडे खरंच उत्तर नाही. एवढंच म्हणेन की जेसननंतर तो स्वतःच कोणाला घ्यायला तयार नव्हता, टिम ड्रेक, म्हणजे तिसरा रॉबिन, स्वतः येऊन उभा राहिला. पण म्हणून तू म्हणतेस ते खोटं ठरत नाही.

@काळा_कोट सर, तीस दशलक्ष हा आकडा कॉलर पकडून धरण्यासारखा आहे पण सिनेमात तोच सांगितलाय, त्यामुळे गप्प बसतो. बाकी तुमचं ते झाडाचं वाचल्यावर मी माझे दोन-तीन आवडते अंक काढून बघितले. जवळजवळ प्रत्येकात गच्ची आहे.


उंबरठा

मी फार बोलत नाही इथे, पण हा विषय माझ्या कामाचा आहे. जेलमधनं सुटून आलेल्या लोकांना पुन्हा उभं राहायला मदत करणं, कागदपत्रं, नोकरी, घर, असं काम मी गेली अकरा वर्षं करते. त्यामुळे बॅटमॅन मला कधी आवडायचाच नाही, कारण त्याच्या गोष्टीत माणूस पकडला की पान उलटतं. आमचं काम तिथनं पुढे सुरू होतं.

पण एका गोष्टीने माझं मत थोडं हललं. १९९० च्या दशकातली जी कार्टून मालिका होती तिच्यात जोकरच्या साथीदारणीचा, हार्लीचा, एक भाग आहे, १९९४ चा. तिला अर्कममधनं बरी झाली म्हणून सोडतात. ती खुशीत दुकानात जाते, एक ड्रेस घेते, रीतसर पैसे देते. काउंटरवरची बाई त्यावरचा चोरीचा टॅग काढायला विसरते. दारात बेल वाजते. गार्ड धावत येतो, फक्त टॅग काढायला, पण हार्लीला वाटतं हे लोक मला कधी सोडणारच नाहीत, आणि ती बिथरते, पळते, आणि मग एकातनं एक वाढत जाऊन दिवस संपेपर्यंत पोलीस काय, सैन्य काय. शेवटी परत अर्कम.

मी हे बघताना उठून उभी राहिले होते हो. कारण ती बेल मी ऐकलेली आहे. आमच्याकडचा एक मुलगा, सुटून तीन आठवडे झाले होते, नवीन नोकरी लागलेली, दुकानाच्या दारातनं बाहेर पडताना अशीच बेल वाजली. त्याच्या पिशवीत पावती होती. पावती दाखवायचं सोडून त्याने दोन्ही हात वर केले आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कोणी काही बोललंसुद्धा नव्हतं त्याला. मी बरोबर होते म्हणून पावती मी काढली.

तर त्या भागाच्या शेवटी हार्ली विचारते की मी तुला नेहमी त्रासच दिला, तरी दिवसभर माझ्यासाठी एवढा का धडपडलास. बॅटमॅन सांगतो की आयुष्य पुन्हा उभं करायला किती कष्ट पडतात ते त्याला ठाऊक आहे, असा एक वाईट दिवस त्याच्याही वाट्याला आला होता. आणि तो तिला तोच ड्रेस आणून देतो. तिने पैसे दिलेले असतात ना त्याचे, म्हणजे तो तिचाच आहे. अब्जाधीश माणूस आहे, असे हजार ड्रेस घेऊन देऊ शकला असता. त्याने तिचा तिला परत दिला. मला हे दानापेक्षा फार मोठं वाटतं कारण ह्यात तो तिला चोर मानत नाही.

म्हणून मला विचाराल तर तो हिरो आहे की नाही ह्याचं एक उत्तर नाही देता येणार. तो काही रात्री आहे. ज्या रात्री तो समोरच्या माणसाच्या बुटाकडे बघतो त्या रात्री आहे. तुमच्या भाचीने जे बोट ठेवलंय ना, ते आमच्याकडे नवीन येणाऱ्या लोकांना शिकवायला वर्षं लागतात.


ठोसा_नंबर_१

@उंबरठा ताई, वाचलं. जोकरबद्दल माझं मत तेच आहे पण त्या पावतीवाल्या मुलाचं वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. आहे ना तो आता नीट?


उंबरठा

@ठोसा_नंबर_१ हो, आहे. त्याच नोकरीत आहे अजून.


निशाचर_७

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज संध्याकाळी भाचीला समोर बसवलं आणि जमेल तसं सांगितलं. १९३६ ची केस सगळी नाही सांगितली, झाडाचं गाळलं, पण मारून घेतलेलं उत्तर खरं असेलच असं नाही एवढं सांगितलं, ते तिला लगेच कळलं. डिक ग्रेसनचं सांगितल्यावर बराच वेळ गप्प होती. निधी आणि दवाखान्याचं तिला काही विशेष वाटलं नाही, म्हणाली बरंच झालं की. मी तिला प्रामाणिकपणे हेही सांगितलं की मला तो अजून आवडतो, पण आता त्या पानावर आलो की मला पण आधी बूटच दिसतो.

मग हार्लीचा तो भाग आम्ही दोघांनी लावला. बेल वाजली तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरला होता. शेवटी तो ड्रेस घेऊन येतो तिथे मी तिच्याकडे बघत होतो, म्हटलं आता हिला उत्तर मिळालं. तिने भाग थांबवला, मागे नेला, पुन्हा बघितला आणि म्हणाली, "मामा, दुकानात तर हार्ली ब्रूसला भेटली होती ना, त्याच्याशी बोलली पण होती. मग ड्रेस द्यायला तो ब्रूस म्हणून का नाही गेला? मुखवटा घालून का गेला?"

@काळा_कोट साहेब, @उंबरठा ताई, ह्याला काय सांगायचं ते तुम्हीच सुचवा. उद्या सकाळी ती परत विचारणार आहे.